पंधरा दिवस मुरलेला सेल

मित्रांनो, मी एक जुना सेल आहे. जुना म्हणजे किती, तर ज्या लॅपटॉपच्या पोटात मी भरती झालो तो केव्हाच मोडीत निघाला आणि मी अजून नोकरीवर आहे. अंगठ्याएवढा जाड, बोटाएवढा लांब, अंगावर निळी साल. माझ्यासारख्या सहा जणांना एका चपट्या काळ्या डब्यात जोडीजोडीने बसवून वरून झाकण चिकटवून टाकलं होतं. बाहेरचं जग आम्ही पाहिलं नाही, पण ऐकलं मात्र पुष्कळ.

आमची मालकीण निशिगंधा. हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला. लाइट गेली की ती म्हणायची, "बॅटरी आहे, वाचले बाई!" एवढ्याशा शाबासकीवर आम्ही चार वर्षं ढोरासारखे राबलो. मग आमच्यातली एक जोडी थकली. आमच्या डब्याचा कारभारच असा, की एका जोडीने मान टाकली की सगळ्यांचं दुकान बंद. कंपनीतल्या माणसाने डब्यावर 'डेड' अशी चिठ्ठी लावली आणि आमची रवानगी भंगारात झाली. चौघे जण धडधाकट होतो हो! पण तपासतो कोण? सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

भंगाराच्या गोणीतून मी पोचलो ताथवड्याला, इंदुताईंच्या दुकानात. आणि मित्रांनो, इथून पुढे मला जरा भरभरून बोलू द्या.

इंदुताई मूळच्या लातूरकडच्या. चाकणच्या एका कारखान्यात त्या एकोणीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसल्या. तिथून निवृत्त झाल्यावर त्यांनी बॅटऱ्यांचं हे छोटं दुकान काढलं. काम सुरू करण्याआधी त्या हातातल्या पाटल्या आणि बोटातली अंगठी काढून एका डबीत ठेवत, मंगळसूत्र पदराआड खोचत. धातू चुकून आमच्या दोन्ही टोकांना लागला तर ठिणगी उडते, म्हणून. शेजारी वाळूची बादली. झाकण उचकटायला त्यांनी स्क्रूड्रायव्हर कधी वापरला नाही. लाकडाची एक पातळ पट्टी होती, ती फटीत सरकवून त्या झाकण असं अलगद सोडवत, की मला ओरखडासुद्धा आला नाही.

मग परीक्षा. ज्याला पोचा पडलाय तो बाहेर. ज्याच्या बुडाशी ओल किंवा गंज आहे तो बाहेर. उरलेल्यांना पूर्ण चार्ज करायचं, अंगावर मार्करने मीटरवरचा व्होल्टेजचा आकडा आणि तारीख लिहायची, आणि मग काहीच करायचं नाही! पंधरा दिवस लाकडी ट्रेमध्ये नुसतं पडून राहायचं. इंदुताई त्याला 'मुरायला ठेवणं' म्हणत. पहिल्या दिवशी सगळेच शहाणे दिसतात. खोट असते ती आतून हळूहळू गळते, आणि ती गळती कळायला दिवस जावे लागतात.

चौघांतले दोघे गोणीत पोचे पडून बाद झाले, ट्रेमध्ये दोघेच पोचलो. मी आणि माझा शेजारी. त्याचा आकडा माझ्यापेक्षा सरस होता. खोटं कशाला बोलू, मला त्याचा हेवा वाटला.

आम्ही ट्रेमध्ये गेलो त्याच दिवशी छबूबाई दुकानात आल्या. मारुंजीच्या जुन्या घरातल्या. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या तरी यांचा काष्टा सुटलेला नव्हता. त्यांचे यजमान मारुतराव. घशाच्या आजारात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं होतं. तेव्हापासून ते घशाला एक छोटं यंत्र लावून बोलत. भुंग्यासारखा घरघरता आवाज, पण शब्द कळायचे. त्या यंत्रातला एकुलता एक सेल, माझ्याच मापाचा, आठवड्यापूर्वी बसला होता. यंत्राच्या कंपनीने तो सेल बनवणं बंद केलं होतं आणि नवं यंत्र परदेशातून यायला दोन महिने लागणार होते.

नातवाने, कुलदीपने, मोबाइलवरून एक झगझगीत लाल सेल मागवला होता. यंत्रात बसवल्यावर दहा मिनिटांत तो चटका बसण्याइतका तापला. इंदुताईंनी तो तळहातावर तोलला आणि मग काट्यावर ठेवला.

"काकी, अस्सल सेलच्या निम्मंसुद्धा वजन नाही ह्याला. वरून रंगरंगोटी, आत भुस्कट. ह्याच्यावर लिहिलेला ताकदीचा आकडा तर कुठल्याच सेलला जमायचा नाही."

"मंग तुमच्याकडचा द्या की येक," छबूबाई म्हणाल्या.

"देते. पण पंधरा दिवसांनी."

छबूबाई खुर्चीत बसल्या. "पोरं पाटीवर लिवून घेत्यात त्यांच्याकडनं. पर मला कुठं वाचाया येतंय? खुणा करायचे. त्यांना पायजे पाणी, मी द्यायची टॉवेल. आता खुणा बी सोडल्या त्यांनी. भिंतीकडं तोंड करून बसत्यात. बाई, आमच्या घरात मानूस हाय आन् न्हाई बी."

दर दोन-तीन दिवसांनी त्या यायच्या. अकराव्या दिवशी आल्या त्या रडतच. मारुतरावांनी आदल्या दिवशी जेवणाचं ताट मागे सारलं होतं. छबूबाईंनी ट्रेकडे बोट केलं, नेमकं माझ्या शेजाऱ्याकडे.

"त्यो थोरला आकडा लिवलेला द्या. आकडं तेवढं वळखू येत्यात मला. कुलदीपनं सांगितलंय, मोठा आकडा म्हंजी चांगला. चार दिसानं काय आभाळ कोसळतंय?"

इंदुताईंनी त्याला उचललं. मीटर लावला. आकडा ठीकच होता, थोडा उतरलेला, पण ठीक. छबूबाईंच्या डोळ्यांतलं पाणी इंदुताईंनाही बघवत नव्हतं. त्यांनी सेल पुढे केला. आणि मग हात तसाच मागे घेतला.

"नाही, काकी. टॉर्चमध्ये घालायचा असता तर आत्ता दिला असता. ही घशापाशी धरायची गोष्ट आहे. मला शिव्या द्या, पण चार दिवस थांबा."

"तुमास्नी बोलाया मिळतंय ना, म्हनून सुचतंय!" छबूबाई तडकून म्हणाल्या आणि निघून गेल्या. इंदुताईंनी सेल परत ट्रेमध्ये ठेवला. त्या दिवशी त्यांनी दुसरं कुठलंही काम केलं नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी पाटल्या डबीत गेल्या आणि मीटर बाहेर आला. माझा आकडा जेमतेम केसभर उतरला होता. माझ्या शेजाऱ्याचा मात्र चार दिवसांत धाडकन कोसळला होता, आणि हात लावला तर अंग कोमट. नुसतं पडल्या पडल्या! घशापाशी धरलेल्या यंत्रात तो असता तर काय झालं असतं, विचार करा! इंदुताईंनी त्याच्या टोकांना चिकटपट्टी लावली आणि त्याला वाळूच्या बादलीत ठेवलं. पुढे तो धातू वेगळे काढणाऱ्या कारखान्यात गेला. बिचाऱ्याचा काय दोष? मोठा आकडा त्याने स्वतःहून थोडाच लिहून घेतला होता.

छबूबाई रागावलेल्या, त्या आल्याच नाहीत. तेव्हा दुकानाला कुलूप लावून इंदुताई स्वतः मला मारुंजीला घेऊन गेल्या. मारुतराव भिंतीकडे तोंड करून बसले होते. इंदुताईंनी मला यंत्रात बसवलं, यंत्र स्वतःच्या गालाला लावून पाच मिनिटं धरलं, तापत नाही याची खात्री केली, आणि मगच त्यांच्या हाती दिलं.

त्यांनी ते घशाला लावलं. सगळं घर गोळा झालं होतं. छबूबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या. मी आतून होतं नव्हतं ते सगळं बळ लावलं.

"अगं ए," मारुतराव घरघरले. "परवाची आमटी लई खारट हुती."

छबूबाई आधी हसल्या, मग धाय मोकलून रडल्या. "बावीस दिस गप बसून हे बोलाया पायजे हुतं व्हय तुमास्नी?"

"आजून लई हाय," ते म्हणाले. "बस हितं."

मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आणि हौस म्हणून स्वतः उघडूही नका. जाणत्या हातात द्या. आमच्यातला कोण राबेल आणि कोण थकलाय, हे चिठ्ठीवरून कळत नाही. त्यासाठी कुणालातरी पंधरा दिवस थांबावं लागतं, आणि मधल्या काळात चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. छबूबाई आता खाली बसल्या आहेत. मारुतराव बोलताहेत, आणि मला काम आहे.