भुरीची अंडी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना थर्माकोलचा खोका आहे. माझ्या अंगाला अजून बांगड्याचा वास येतो, तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी नाक मुरडायला नको. बंदरावरून बर्फ आणि मासळी घेऊन मी नेरळच्या बाजारात आलो. तिथून कोंडीरामांनी मला उचलून घरी आणले. ते रसायनीच्या कारखान्यात बॉयलरवर होते. आता निवृत्त झाले असले तरी दर अर्ध्या तासाने काटा बघायची सवय काही गेली नव्हती.

त्यांच्या घरी मी माळ्यावर धूळ खात पडून होतो. एका सकाळी अंगणात आरडाओरडा झाला. कोंडीरामांच्या बायकोची, गंगाबाईंची, लाडकी कोंबडी भुरी दहा दिवस अंड्यांवर बसली होती. तिला मुंगसाने मारले. गंगाबाई पदरात नऊ अंडी घेऊन आत आल्या. अंडी अजून कोमट होती.

"हिची एवढीच आठवण राहिली," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या.

कोंडीरामांनी घाईघाईने मला खाली काढले, पुसले, भोके पाडली, आत पिवळा बल्ब, थर्मामीटर आणि पाण्याची वाटी ठेवली. झाकणाला काच बसवायची मात्र राहून गेली. त्यामुळे थर्मामीटर बघायचा तर झाकण उघडावे लागे. ही चूक पुढे फार नडली.

"मासळीच्या खोक्याला कुठं माया असती?" गंगाबाई म्हणाल्या. मला राग आला, पण बोलणार कसा? त्या दिवसापासून मी ऊब धरून बसलो. कोंडीराम दिवसातून तीनदा अंडी फिरवत. एकदा त्यांनी मोबाईलच्या उजेडावर अंडे धरून आतली हलणारी सावली दाखवली, तेव्हा गंगाबाईंनी हातच जोडले. दोन अंडी रिकामी निघाली. सात उरली.

भुरीचे दहा दिवस धरून विसाव्या दिवशी सकाळी एका अंड्याला टवका गेला आणि आतून बारीक आवाज आला. मग काय, कोंडीराम सारखे झाकण उघडू लागले. प्रत्येक वेळी माझ्यातली ओल बाहेर जाई, आणि ओल गेली की अंड्यातला पापुद्रा वाळतो.

दुपारी लाइट गेली.

"संध्याकाळपर्यंत नाय येणार म्हणतात," कोंडीराम फोन ठेवत म्हणाले. त्यांचा धीर सुटला. त्यांनी मला उचलून थेट चुलीजवळ ठेवले. मित्रांनो, थर्माकोलला विस्तव चालत नाही. माझा कोपरा आक्रसला, काळा धूर निघाला.

"अवं, वितळतंय ते! पिल्लं भाजतील!" गंगाबाईंनी मला ओढून घेतले. दोन बाटल्यांत गरम पाणी भरून, लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून त्यांनी त्या झटकन आत सरकवल्या. झाकण लावले, भोके मोकळी ठेवून भोवती गोधडी लपेटली आणि मला मांडीवर घेऊन बसल्या.

"अगं, थर्मामीटर बघितल्याबिगर कसं कळंल?"

"ही तुमची कंपनी नाय. शेवटच्या दिवसांत भुरी जागची हलायची का? मग आमी पन हलायचं नाय."

थोड्या वेळाने आतला आवाज बाहेर ऐकू येईनासा झाला. कोंडीरामांचा चेहरा उतरला. "मेली गं सगळी. उघड एकदा!" त्यांचा हात झाकणावर आला. गंगाबाईंनी तो धरून ठेवला. आतली बारीक टकटक मला ऐकू येत होती. चालू आहे, चालू आहे, असे ओरडून सांगावेसे वाटत होते. तेवढे एक मला जमले नाही.

दिवेलागणीला लाइट आली. बल्ब पेटला आणि आतून एकदम दोन आवाज आले. गंगाबाई हुंदका देऊन हसल्या.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडले तेव्हा सहा पिल्ले होती. सातवे टवका गेलेल्या अंड्यातच अडकून मेले होते. तेच आदल्या सकाळी सर्वांत आधी बोलले होते. कवचाखालचा पापुद्रा वाळून त्याला घट्ट चिकटला होता.

कोंडीरामांनी ते ओंजळीत घेतले. "काल सकाळपासून आठ वेळा उघडलं मी," ते म्हणाले.  दोघांनी मिळून ते पेरूखाली पुरले.

मग मी पुन्हा अडगळीत गेलो, या वेळी पडवीत, झाकणाशिवाय. जळक्या कोपऱ्याचा खोका कोण विचारतो? मला वाईट वाटले. पण काही महिन्यांनी त्या सहांतली एक तलंग, म्हणजे नुकती वयात आलेली कोंबडी, अगदी भुरीच्या रंगाची, अंडी घालायला जागा शोधत आली. गंगाबाईंनी नवी टोपली पुढे केली, तर ती टोपलीवरून उडी मारून माझ्यात येऊन बसली. तिने आई म्हणून दुसरे कोणी पाहिलेच नव्हते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, आणि कोणी कवचातून बाहेर यायला धडपडत असेल तर तुमची घाई त्याच्यावर लादू नका.

आज तिचा अंड्यांवर बसल्याचा विसावा दिवस आहे. तिच्या पोटाखालून बारीक आवाज येतो आहे. कोंडीराम समोरच पायरीवर बसले आहेत, आणि दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवले आहेत.