माझ्या छिद्रांतला शेंदूर

मित्रांनो, मी एक जुने मेम्ब्रेन, म्हणजे वायू गाळणारा पातळ पडदा आहे. जुने म्हणजे अवघ्या चौदा महिन्यांचे. पण अडाण्याच्या हाती लागले की म्हातारपण लवकर येते.

जबलपूरच्या एका प्रयोगशाळेत चेरीतालच्या हेमलताने मला पीएच.डी.साठी घडवले. एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांच्या सीमेवर माझा सेंद्रिय पापुद्रा धरला आणि तिने तो नाण्याएवढ्या सच्छिद्र चकतीवर बसवला. आधीचे एकोणतीस फाटले. तिसावे मी. माझ्या छिद्रांतून हायड्रोजन निसटतो, कार्बन डायऑक्साइड बराचसा मागे राहतो. या कामात मी एकदाही चुकले नाही. सोमवारची शेवटची चाचणी झाली की तिचा प्रबंध पूर्ण होणार होता.

त्याआधी विश्वकर्मा जयंती आली. मी चाचणीच्या पोलादी डब्यात बसले होते. विभागप्रमुख भय्यासाहेब ताटलीत तेलात कालवलेला शेंदूर घेऊन आले. हे गृहस्थ पाहुण्यांना मला ‘आमचं मेम्ब्रेन’ म्हणून दाखवत. माझी छिद्रे कशासाठी आहेत, हे त्यांना कधी सांगता आले नाही.

“काढ त्याला बाहेर.”

“सर, पोलादी डब्याला टिळा लावा नं. याला तेल नको.”

“काहून? आमचे बाबा फॅक्टरीत तोफेला लावत होते. कधी बंद नाही पडली!”

“सर, तोफेतून गोळा जातो.”

“अच्छा! लई हुशार झाली तू. चलो, काढ.”

तिने काढले. त्यांनी शेंदराचा अंगठा माझ्या मधोमध दाबला आणि डोळे मिटून हात जोडले.

सोमवारी हायड्रोजन माझ्या दारातून परत गेला. तेल छिद्रांत मुरले होते.

“मालच कच्चा होता,” भय्यासाहेब म्हणाले. “लिही, मेम्ब्रेन टिकलं नाही.”

हेमलताने वहीत लिहिले: ‘चाचणीपूर्वी पृष्ठभागावर तेल व शेंदूर लावला गेला. लावणारे: विभागप्रमुख.’ मग रोजच्याप्रमाणे वही पुढे केली. “सर, सही.”

वाचण्याची सवय त्यांना नव्हती. त्यांनी सही केली, खाली तारीखही घातली.

माझ्या नावाला बट्टा लागला नाही. पण नवे मेम्ब्रेन घडवण्यात तिचे सहा महिने गेले. मित्रांनो, यंत्राची पूजा जरूर करा. फक्त आधी ते कसे चालते, एवढे ज्याने बनवले त्याला विचारा.

मी आता कपाटात एका बशीत पडून आहे. शेजारी एकतिसावे मेम्ब्रेन आहे. कपाटाला कुलूप आहे, आणि किल्ली भय्यासाहेबांकडे नाही.