गिऱ्हाइकाची टोपी

विमानातून टोपी कशी न्यायची हा प्रश्न कारागिराला आयुष्यात कधी पडला नव्हता, कारण विमानातच तो कधी बसला नव्हता. पण एकदा प्रश्न पडला आणि त्याने घर डोक्यावर घेतलं. दिसेल त्याला विचारायचं. समोरच्या चष्मेवाल्याला विचारलं, फोटो स्टुडिओवाल्याला विचारलं, बँकेत सही करता करता कॅशियरलाही विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच. त्यात काय एवढं, डोक्यावर घालायची आणि बसायचं.

"ते सोडून सांगा," कारागीर म्हणायचा.

ते सोडून कोणालाच काही सुचत नव्हतं.

आता याला सगळी गल्ली कारागीर का म्हणायची, ते आधी सांगून टाकतो. नाव ठेवलं होतं त्याच्या वडिलांनीच. त्यांचं हॅटचं दुकान. पुढे काउंटर आणि उभा आरसा, मागच्या खोलीत वाफेची किटली, हॅटला आकार द्यायचे लाकडी ठोकळे आणि हा. गिऱ्हाईक आलं की वडील मागे न वळताच हाक मारायचे, "कारागीर, ती राखाडी आण जरा." बत्तीस वर्षं हा तिथे राबला, पण "हा माझा मुलगा" असं त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नाही. "माझा मुलगा" म्हणजे थोरला, दूरच्या शहरात पूल बांधणारा. माझ्या मुलाचा फोन होता. माझ्या मुलाला बढती मिळाली. निम्म्या गिऱ्हाइकांचा समज असा होता, की म्हाताऱ्याला मुलगा एकच आणि मागे बसतो तो पगारी माणूस. लग्न होऊन महिना झाला नव्हता तेव्हा बायकोनेच विचारलं होतं, "अहो, तुम्ही नक्की यांचेच ना?"

सात महिन्यांपूर्वी वडील गेले. थोरला आला, सर्दीमुळे डोक्याला मफलर गुंडाळूनच चार दिवस राहिला, परत गेला. त्यानंतर कपाट आवरताना अगदी वरच्या फळीवर मागे सारलेला एक गोल डबा सापडला. आत हॅट होती. गडद तपकिरी, अशी मऊ की हात लावताना आधी हात पुसावासा वाटावा. सोबत चिठ्ठी, तिच्यावर वडिलांच्या अक्षरात एकच शब्द होता. मुलासाठी.

खोटं कशाला बोलायचं, कारागिराला हेवा वाटला. हॅट वडिलांच्याच हातची होती, यात शंका नव्हती. कडेचे टाके एका बाजूला तिरके गेले होते, म्हणजे नजर अधू झाल्यानंतरची. म्हणजे शेवटची. एकाच दुकानात बसून म्हाताऱ्याने ही कधी केली, ते मात्र त्याला काही केल्या उलगडत नव्हतं.

आणखी एक गोष्ट उलगडत नव्हती. हॅट आतून पाहिली तर तिचा आकार विचित्र होता. डोकं कोणाचंच लिंबासारखं गोल नसतं, हे टोपीवाल्याइतकं कोणाला ठाऊक? पण हे डोकं मागून चपटं होतं आणि उजव्या कानाच्या वर त्याला फुगवटा होता. कारागीर रोज आतून बोट फिरवून बघायचा. दादाचं डोकं असं कधीपासून झालं? लहानपणी तर चांगलं गरगरीत होतं.

"पार्सल करून टाका," बायको म्हणाली.

"पार्सलवाले बसतात तिच्यावर."

"मग तुम्ही जा घेऊन. निदान माझ्यामागची भुणभुण तरी थांबेल."

तर ठरलं ते असं. बायकोने फोनवरून तिकीट काढलं, आणि डबा पायाशी ठेवता यावा म्हणून मुद्दाम पाय पसरायला जास्त जागा असलेली सीट घेतली. कारागिराने थोरल्याला फोन केला. "दादा, बाबांचं एक काम पोचवायचं राहिलंय, ते घेऊन येतोय," एवढंच बोलला. त्याच्या मनात एकच होतं, गिऱ्हाइकाचा माल जसा हातात आला तसा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. मुलगा नाही तर नाही, निदान चांगला कारागीर होतो एवढं तरी आपल्या पदरात राहू दे.

राहता राहिलं ते डोक्यावर घालण्याचं. तर त्यांच्या दुकानाचा एक नियम होता, आणि वडिलांनी तो पहिल्याच दिवशी कानात घातला होता. गिऱ्हाइकाची टोपी आपल्या डोक्यावर चढवायची नाही. आतला चामड्याचा पट्टा नवा असतो. पहिल्यांदा जे डोकं त्याला ऊब देतं, त्याचा तो होतो. पहिला घाम गिऱ्हाइकाचा. बत्तीस वर्षांत कारागिराने हजारो डोकी मापली, पण हॅट एकही घातली नाही, आणि स्वतःचं माप घेण्याची वेळ तर कधी आलीच नाही.

विमानतळावर पहिली अडचण तपासणीच्या पट्ट्यापाशी आली. गणवेशातल्या बाईंनी डबा उघडायला लावला, हॅट उचलली आणि ट्रेमध्ये कड खाली करून ठेवली.

"बाई, उलटी ठेवा," कारागीर म्हणाला.

"सुलटी आहे ती बरी आहे की."

"नाही, सुलटी नाही चालत. हॅट नेहमी डोक्यावर उभी ठेवायची. म्हणजे तिच्या स्वतःच्या डोक्यावर. कडेवर ठेवली की कड चपटी होते."

बाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं, हॅटकडे एकदा बघितलं, आणि हॅट उलटी केली. त्यांनाही नवल वाटलं असावं, कारण पलीकडे गेल्यावर त्यांनी शेजारणीला बोलावून आतला पट्टा दाखवला. कारागिराचा ऊर जरा भरून आला.

पण विमानाच्या दारापाशी सगळं मुसळ केरात गेलं. डबा मोठा होता. वरच्या कप्प्यात मावणार नाही, खाली सामानात जाईल, असं तिथल्या माणसाने सांगितलं. कारागिराने डबा दिला पण हॅट काढून घेतली, आणि दोन्ही हातांनी पुढे धरून, उकळत्या चहाचं पातेलं न्यावं तसा, तो आपल्या सीटपर्यंत आला.

सीट ऐसपैस होती. का होती, ते आता कळलं. ती संकटकाळच्या दाराशेजारची रांग होती.

"सर, या रांगेत मांडीवर काही ठेवता येत नाही," हवाई सुंदरी म्हणाली. "पायाशी पण नाही. वर ठेवा."

वर त्याने आपला स्वेटर अंथरला, त्यावर हॅट अलगद उलटी ठेवली, आणि तो खाली बसतो न बसतो तोच एक गृहस्थ भलीमोठी बॅग घेऊन आले आणि ती कप्प्यात ढकलू लागले. कारागीर उडी मारून उठला. हॅट परत त्याच्या हातात आली.

"बदलून मिळेल का जागा?"

"विमान भरलंय सर. डोक्यावर घाला ना."

"ती माझी नाही."

"कोणाची आहे?"

"गिऱ्हाइकाची."

मुलगी हसली नाही, हे तिचे उपकार. खिडकीपाशी बसलेल्या बाई मात्र आता पुरत्या इकडे वळल्या होत्या. साठीच्या असतील. त्या दातांच्या कवळ्या बनवत, आणि त्यांना कारागिराइतकाच चौकसपणाचा रोग होता. दोन मिनिटांत त्यांनी त्याच्याकडून नियम, पट्टा, पहिला घाम, वडील, थोरला, सगळं काढून घेतलं.

"दुसऱ्याची कवळी मी तोंडात घालणार नाही, तेव्हा तुमचं मला पटतं," त्या म्हणाल्या. "पण मला एक सांगा. भावाचं माप कधी घेतलं होतं वडिलांनी?"

"घेतलं नसणार. दादा विसाव्या वर्षीच घर सोडून गेला. आठवणीवर केली असेल."

"आठवणीवर कवळी होत नाही बाई माझ्याने. तुमच्यात होते का टोपी?"

कारागिराने हॅटच्या आत पुन्हा बोट फिरवलं. होत नाही. हा फुगवटा, हा चपटेपणा, हे काही आठवणीतून येत नाही. त्यासाठी डोक्याला दोरी लावावी लागते. हे त्याला आधी सुचायला हवं होतं. पण वडिलांच्या बाबतीत त्याचं डोकं चालायचं बंदच व्हायचं.

"सर, आम्ही थांबलोय," मुलगी म्हणाली.

मागच्या रांगांमधून माना वर झाल्या होत्या. कारागिराने डोळे मिटले, मनातल्या मनात वडिलांची माफी मागितली आणि हॅट डोक्यावर ठेवली.

ती बसली. कशी बसली ते सांगायला टोपीवालाच हवा. कपाळावर दाब नाही, मागे पोकळी नाही. उजव्या कानाच्या वर त्याच्या डोक्याला एक उंचवटा होता, तिथेच पट्ट्याने बरोबर जागा सोडली होती. त्याने हात वर नेऊन चाचपून पाहिलं. हॅट काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली. असं तीनदा केलं.

"काय झालं?" कवळीवाल्या बाईंनी विचारलं.

"बसतेय."

"मग चांगलंच आहे की."

"अहो, बसायला नको होती."

त्यानंतर विमान उडालं, ढग आले, चहा आला, पण कारागिराचं लक्ष कशातच लागेना. कदाचित दोघा भावांची डोकी सारखी असतील. असतात कधी कधी. पण दादाचं गरगरीत डोकं त्याच्या डोळ्यांपुढे येई, आणि आशा वाटायला लागली की तो ती घाईघाईने दाबून टाकी. पन्नाशी उलटल्यावर असली आशा बाळगायची त्याला लाज वाटत होती.

खाली उतरल्यावर विमानतळाच्या दारापाशी दादा उभा होता. पूर्ण टक्कल आणि डोकं हे असं, चांगलं पोसलेलं कलिंगड. कारागिराने नमस्कार करायच्या आधी हॅट काढली.

"दादा, माझं चुकलं. विमानात घालावी लागली, इलाज नव्हता. बाबांनी तुझ्यासाठी केली होती." आणि दादाने काही बोलायच्या आत त्याने ती त्याच्या डोक्यावर ठेवली.

ती बसलीच नाही. बरणीला दुसऱ्याच डब्याचं झाकण लावावं तशी वर नुसती तरंगत राहिली. शेजारून जाणारी एक लहान मुलगी बघून हसली.

दादाने हॅट हळूच उतरवली आणि उलटीसुलटी करून पाहिली.

"अखेर झाली वाटतं पुरी," तो म्हणाला. "मी म्हणतच होतो, तू अजून टोपीचं काही बोलला कसा नाहीस."

"तुला माहीत होती?"

"दर रविवारी हिचंच पुराण असायचं फोनवर. मुलगा दुपारी टेबलावर डोकं टेकून झोपतो, मी दोरी घेऊन जातो. एका बाजूचं माप मिळतं, दुसरी बाजू खाली. मग मुलगा कूस बदलेपर्यंत स्टुलावर बसून राहतो. चप्पल काढून जायचे म्हणे, तुला जाग येऊ नये म्हणून. अकरा दुपारी लागल्या त्यांना."

"मुलगा कोण?" कारागिराने विचारलं.

"कोण म्हणजे? तू. मुलगा जेवला नाही, मुलाचा खोकला जात नाही, मुलाने काल काय कड वळवली म्हणून सांगू. मला कुठे मुलगा म्हणायचे ते? मला साहेब. काय साहेब, पूल उभा आहे ना अजून? फोन ठेवला की मी बायकोला म्हणायचो, यांना मुलगा एकच आहे, तो तिकडे मागच्या खोलीत बसतो."

कारागीर तिथल्याच एका सामानाच्या ढकलगाडीवर बसला.

"मग दिली का नाही मला? वर्षभर तरी तयार असेल ही."

"मीही तेच विचारायचो. म्हणायचे, कडेचे टाके तिरके जातायत, उसवतो आणि पुन्हा घालतो. हा माल दुसऱ्या कोणालाही खपवला असता, पण त्याच्या नजरेतून टाका सुटत नाही. त्याच्यासमोर असली हॅट ठेवायची मला भीती वाटते."

कारागिराला आठवलं, हॅट हातात येताच त्याची नजर त्या तिरक्या टाक्यांवरच गेली होती. तो तोंड झाकून रडायला लागला, लोक बघतायत याची पर्वा न करता. दादाने हॅट दोन्ही हातांनी धरली आणि धाकट्याच्या डोक्यावर ठेवली, जरा वाकडीच.

"शेवटी घातलीच म्हणायची बाबांनी तुला टोपी," तो म्हणाला.

कारागीर रडता रडता हसला, आणि हॅट सरळ करायला त्याने हात वर नेला.