खाली बसवलेली गाडी

रस्ता तुम्ही खाल्लात, साहेब. जिवतीच्या डोंगरातलं डांबर कागदावर पडलं आणि गिट्टी तुमच्या बंगल्याच्या आवारात. खाली सही तुमचीच आहे. पण तुम्हाला लाज वाटणार नाही, म्हणून तुमची गोष्ट लिहिण्यात अर्थ नाही. ज्याला वाटली, त्याची लिहितो.

निकेश चंद्रपुरात कोळशाच्या वजनकाट्यावर कारकून. दिवसभर खिडकीतून ट्रकच्या पावत्या द्यायच्या. ड्रायव्हर पावती ओढून घेतात, तोंड कोणी पाहत नाही. त्याच्या लाल हॅचबॅककडे मात्र लोक वळून पाहत. ती आणखी खाली, जमिनीला चिकटून चालली तर थांबून पाहतील, असं त्यानं मनात घेतलं.

गॅरेजात आकिब उत्साहात होता.

"भाऊ, नुसते कडक शॉकअप टाकले तं उंची तेच राहीन, वळणावर गाडी झुकणार नाई. लोअरिंग स्प्रिंग टाकल्या तं गाडी खाली बसते. कॉइलओव्हरमधी उंची आपल्या मर्जीनं कमीजास्त होते, पण ते बाहेरून मागवा लागन."

"दिसायले कोणतं भारी?"

"दिसायले तं स्प्रिंगच! टायर अन् मडगार्डच्या मधात बोट नाई जाणार. आग लगा देगी, भाऊ!" मग त्यानं मागच्या सीटकडे पाहिलं. "मांगं फॅमिली बसते का? हादरे लागतीन."

"नाई बा. मी एकटाच असतो."

हे बोलताना निकेशला पक्कं ठाऊक होतं, की बहिणीला, उर्वशीला, सासरहून आणायचं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. ओटी भरली की भावानं जाऊन आणायचं. ठाऊक होतं, तरी तो बोलला, आणि स्प्रिंग टाकून गाडी खाली बसवून घेतली.

जिवतीकडच्या तिच्या सासरच्या गावात सोनीबाईंनी सुनेची ओटी भरली. उर्वशी मागे बसली. डिकीत तिची पेटी आणि तुरीचं पोतं ठेवताच गाडीचं मागचं मडगार्ड टायरवर टेकलं.

"उतरवा, उतरवा!" उर्वशीचे सासरे पोचूभाऊ म्हणाले. सामान आपल्या मोटारसायकलला बांधून ते मागोमाग निघाले.

प्रत्येक खड्डा सरळ अंगात शिरत होता. उर्वशीनं दोन्ही हातांनी पोट धरलं.

"दादा, हळू ना."

"हळूच चालवून राह्यलो."

नाल्याच्या रपट्यावर, त्या ठेंगण्या फरशी पुलावर, गाडी खालून करकरत घासली आणि अडली.

"उर्वशी... जराशी उतरतं का, बाई? वजन कमी झालं तं निघन."

ती दार धरून उतरली. पुढे रिकामी गाडी, मागे सात महिन्यांचं पोट सांभाळत, दगडांवर पाय टाकत उर्वशी. समोरून आलेली काळीपिवळी जीप वाट देत थांबली होती.

"अबे, गाडीले बाईचं ओझं झालं का?" आतून कोणी ओरडलं. "तिलेच म्हण, गाडीले कडेवर घे!"

सगळे हसले. निकेशनं काच वर केली. बहीण बाहेर होती, आणि त्यानं काच वर केली.

पलीकडे उर्वशी दगडावर बसली. ओठ कोरडे, हात पोटावरच. पोचूभाऊंनी मोटारसायकल लावली, वाकून गाडीखाली पाहिलं. निकेश खाली उतरून नुसता उभा.

"मामाजी, रस्ताच खराब हाये," उर्वशी घाईनं म्हणाली.

खरंच होतं ते, साहेब. तुमचाच रस्ता. पण बहिणीनं पुढे केलेली ती सबब निकेशला उचलता येईना.

"रस्ता तं लग्नातही असाच होता," पोचूभाऊ म्हणाले. "याच गाडीत तुमी हिले आणून सोडलं. तवा काई तरास नाई झाला." आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "पुढं असाच रस्ता लय हाये, निकेशराव. पोरीले माहेरी नेता, का मी वापस माझ्या घरी नेऊ? खाली काऊन पाहता? तिच्याकडं पाहून सांगा."