काचेच्या पेटीतला गारवा

आपल्या माणसांची काळजी घेण्यात आपण कुणाला हार जाणार नाही, मंडळी! पण त्या काळजीपायी समोरच्याचा जीव कसा मेटाकुटीला येतो, ते म्युनिकला प्रसन्नच्या घरी पाहायला मिळालं असतं.

प्रसन्न मोटार कंपनीत इंजिनियर. गाडीचे सुटे भाग तापवून तपासायचे, हे त्याचं काम. हौसेने त्याने एक साप पाळला होता, बिनविषारी, केशरी रंगाचा कॉर्न स्नेक. पण हल्ली साप खाईना. काचेच्या पेटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता सरपटत राही. काचेवर घासून घासून नाकाला जखम झाली होती. हा आता जगत नाही, या धास्तीने प्रसन्नचं कामात लक्ष लागेना.

पेटीसमोर त्याच्या येरझाऱ्या, तर मागे बाल्कनीच्या बंद दाराशी अप्पांच्या. अप्पा म्हणजे त्याचे वडील, साताऱ्याहून लेकाकडे राहायला आलेले.

"प्रसन्न, जरा खाली चक्कर मारून येऊ का रे?"

"अप्पा, बाहेर काय थंडी आहे! त्यात तुम्हाला भाषा येत नाही, चुकलात म्हणजे? बसा ना निवांत. हे खोली तापवायचं हायत्सुंग वाढवू का अजून?"

"नको रे बाबा!" अप्पा पुन्हा फेऱ्या घालू लागले.

रविवारी दुपारी त्याची चुलतबहीण ज्ञानदा आली. ती म्युनिकजवळच्या गार्चिंगला पीएच.डी. करत होती आणि तिच्याकडेही साप होते. तिने पेटीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"दादा, केवढं तापवलंयस हे!"

"बत्तीस," प्रसन्न अभिमानाने म्हणाला. "कुठल्याही कोपऱ्यात मोज. दोन दिवे, खाली सगळीकडे हीटिंग मॅट, बाजूंना थर्माकोल. एका अंशाचा फरक सापडायचा नाही!"

"गेनाऊ, नेमकं तिथेच चुकलास! हा काय तुझ्या कंपनीतला पार्ट आहे, सगळीकडून सारखा तापवायला? अरे, सापाला घाम येत नाही. ऊब हवी झाली की तो दिव्याखाली जातो, नकोशी झाली की गारव्याला सरकतो. तू गारवाच ठेवला नाहीस. बिचारा शोधत फिरतोय."

"मला वाटलं, त्याला थंडी..."

"थंडी तुला वाजते! त्याला विचारलंस कधी?"

"सापाला काय विचारायचं?"

"एक टोक उबदार ठेव, एक गार. तो जिथे जाऊन बसेल, ते त्याचं उत्तर. आणि आधी या खोलीचं हायत्सुंग कमी कर, खिडकी उघड. नाहीतर गार टोक गार होणार कसं?"

प्रसन्नने हायत्सुंग कमी केलं, खिडकी उघडली, एक दिवा काढला, थर्माकोल उचकटलं, मॅट एका बाजूला आवरली. संध्याकाळ होईतो साप गार टोकाला ठेवलेल्या झाडाच्या सालीखाली शिरला आणि वेटोळं घालून पडून राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो स्वस्थ होता! नाकाच्या जखमेसाठी ज्ञानदाने प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर दिला.

प्रसन्न आनंदाने अप्पांना सांगायला वळला आणि थबकला. अप्पा उघड्या खिडकीशी डोळे मिटून उभे होते. त्यांच्याही येरझाऱ्या थांबल्या होत्या.

अरेरे! हे आपल्याला आजवर दिसलं कसं नाही? त्याला मनापासून लाज वाटली. त्याने खुंटीवरचा कोट आणि घराची किल्ली अप्पांपुढे धरली.

"अप्पा, कुठे जायचंय तुम्हाला?"

"ते आता खाली गेल्यावर ठरवीन," अप्पा कोट चढवत म्हणाले. जिना उतरताना ते चक्क गुणगुणत होते.

मंडळी, आपल्या माणसांना ऊब जरूर द्यावी. पण त्यांना सरकायला जागाही ठेवावी, आणि किती ऊब हवी, हे त्यांचं त्यांना ठरवू द्यावं.

प्रसन्न खिडकीशी गेला. अप्पा कोपऱ्यावर क्षणभर थांबले आणि डावीकडे वळले. हाक त्याच्या अगदी ओठांवर आली होती, पण त्याने ती मारली नाही.