झेनोन मला एकट्याने काढायचा

मी इंजिन बोलतोय. गाडी नव्हे, गाडीतलं इंजिन. कौतुक झालं ते गाडीचं. आमच्या पोलंडात तिला लाडाने 'मालुख' म्हणतात, म्हणजे चिमुरडी. चार माणसं आत बसली की गुडघे हनुवटीला टेकतात. पण ओढतं कोण? मी. तेही मागच्या बाजूला, डिकी असायला हवी तिथे बसून. दोनच सिलिंडर, वाऱ्यावर थंड होणारा जीव, त्यामुळे आवाज जरा मोठा. त्याला माझा इलाज नाही.

माझा मालक झेनोन साखर कारखान्यात फिटर होता. नाव नोंदवून त्याने गाडीसाठी सहा वर्षं वाट पाहिली. गाडी आली तेव्हा त्याची बायको ओतिलिया चार मजले उतरून आली, सगळीकडून फिरून बघितलं आणि विचारलं, उरलेली अर्धी कधी मिळणार? त्या दिवसापासून मला ही बाई आवडते.

क्लच गेला, सील गळायला लागलं की मला बाहेर काढावं लागे. गॅरेजवाल्याकडे न्यायची आमच्याकडे रीतच नव्हती. जो तो आपापलं इंजिन आपल्याच पत्र्याच्या शेडमध्ये काढायचा आणि सोमवारी कारखान्यात फुशारकी मारायचा. झेनोनची फुशारकी एकच: एकट्याने काढलं.

ओतिलिया शेजारी दिवा धरून उभी असायची. झेनोनचं तोंड म्हणजे काय सांगू! बंपरचा बोल्ट अडला की 'पटकी येवो'. पेट्रोलची नळी हातावर गळली की 'काळी पटकी'. स्टार्टरची केबल निघेना की पटकीसोबत साऱ्या मेकॅनिकांचे वाडवडील. गिअरबॉक्सचे नट सैल झाले की मात्र तो हात पुसायचा आणि गोड आवाजात चहा मागायचा. ती चार मजले चढून जायची. चहा घेऊन येईपर्यंत मी खाली जुन्या टायरवर बसलेलो आणि झेनोन सिगारेट ओढत उभा. मग ती इमारतभर सांगत सुटायची, माझा नवरा बैल आहे बैल.

आता खरं सांगतो. मला काढणं एकट्यादुकट्याचं कामच नाही. एकाने गिअरबॉक्स धरायचा, दुसऱ्याने मला सरळ मागे ओढायचं. बोटभर वाकडा झालो तरी गिअरबॉक्सच्या दांड्यावर अडकून बसतो. ती जिना चढली की झेनोन शीळ घालायचा आणि शेजारच्या शेडमधून पोस्टमन इग्नात्सी यायचा. काम झालं की गुपचूप परत. झेनोनने त्याला आईची शपथ घातली होती, ओतिलियाला कधी सांगायचं नाही. तीस वर्षं त्याने ती पाळली.

गेल्या हिवाळ्यात झेनोन गेला. त्याला त्याच्या गावी पुरलं, इथून पन्नास किलोमीटरवर. आणि ऑक्टोबरात माझा क्लच गेला. एक नोव्हेंबरला सगळा देश आपापल्या माणसांच्या कबरींवर जातो, शेवंती आणि दिवे घेऊन. पोरगा आयर्लंडहून फोनवर म्हणाला, गाडी भंगारात घाल, बसने जा. बस फाट्यावर सोडते. पुढे चार किलोमीटर पायी. ओतिलियाचा गुडघा कामातून गेलेला, आणि शेवंतीच्या दोन कुंड्या. पहिल्याच वर्षी त्याच्या कबरीवर दिवा नाही, ही कल्पनाच तिला सोसत नव्हती.

ती झेनोनचा डगला घालून शेडमध्ये आली. दिवा खिळ्याला टांगला. आणि काय केलं असेल? त्याच्या शिव्यांच्या क्रमाने मला सोडवायला लागली. आधी पटकी, मग बंपर. काळी पटकी, मग नळी. वाडवडील, मग केबल. एकही गोष्ट चुकली नाही. इग्नात्सी दोनदा दारात येऊन मदत करू का म्हणाला. तिने दोन्ही वेळा त्याला घालवून दिलं. माझ्या नवऱ्याने एकट्याने केलं, मला काय धाड भरलीय?

नट सुटले. तिने ओढलं. मी वाकडा झालो, अडकलो, आणि खालचा जॅक कलला. तिने सरळ आपला खांदा माझ्याखाली घातला. एवढी मला कधी भीती वाटली नव्हती. माझं वजन काय, तिचं वय काय! मला स्वतःला सावरता येत नाही, ओरडता येत नाही.

इग्नात्सी तिसऱ्यांदा दारात आला. टोपी हातात, तोंड पांढरं. मग धावत आत येऊन त्याने गिअरबॉक्स धरला.

"ओतिलियाबाई, खांदा काढा. तो एकट्याने काढत नव्हता."

"काय?"

"मी धरायचो. तुम्ही चहाला जायचात तेव्हा."

तिने खांदा काढून घेतला. जॅक सरळ केला, कपाळ पुसलं.

"दर वेळी?"

"दर वेळी."

"म्हणजे तुम्हाला चहा कधी मिळालाच नाही."

"नाही," तो म्हणाला. आईची शपथ मोडलेल्या त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मग धरा नीट," ती म्हणाली, आणि तिने मला ओढलं. मी मुकाट्याने सरळ बाहेर आलो. चौथ्या दिवशी नवा क्लच घालून दोघांनी मला परत बसवलं.

आज एक नोव्हेंबर. मी दफनभूमीच्या भिंतीला लागून उभा आहे. पन्नास किलोमीटर एका दमात आणलं मी त्यांना. इग्नात्सी मांडीवर कुंड्या घेऊन बसला होता. झेनोनची कबर भिंतीच्या पलीकडेच आहे, म्हणून सगळं ऐकू येतं. तिने पानं झाडली, दिवे लावले. मला वाटलं, आता त्याचं काही खरं नाही. पण तिचा आवाज अगदी हळू होता.

"अरे, मला सांगायचंस की धर म्हणून. मी शेजारीच तर उभी होते."