पाववाल्याचे बिल्ले

"आमचा बिल्ला असेल तर दे बाई, बदल्यात दोन पाव घे," शिंपिणीच्या दारात उभी राहून पाववालीण कुजबुजली.

"एका बिल्ल्याला एकच पाव मिळतो ना? आज दोन? नवरा लॉटरी जिंकला की काय?" शिंपीण हसली. मग समोरचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. तिनं सुयांच्या डबीतून पितळी चकती काढून दिली.

लढाई पेटली तशी बाजारातली चिल्लर गडप झाली होती. सुटे द्यायला काही उरेना, तेव्हा पाववाल्यानं पितळी पत्र्याचे बिल्ले कापून त्यांवर दुकानाचा ठसा मारला. साऱ्या गल्लीत ते नाण्यासारखे चालले. परवा मात्र हुकूम निघाला : असे बिल्ले काढणं हा गुन्हा. काल असेच बिल्ले काढणाऱ्या औषधवाल्याला नेलं. त्याची बायको अजून चौकीच्या पायरीवर बसून होती.

तेव्हापासून पाववालीण जीव मुठीत धरून दारोदार फिरत होती. कुठे बूट वाजले, की गोळा केलेले बिल्ले ती ओच्यात लपवायची.

"अगं, मी काय दरोडा घातलाय?" नवरा म्हणायचा. "लोकांनी माझ्या ठशावर विश्वास टाकला."

"तो विश्वास चौकीत दाखवा!"

दुपारी एक शिपाई दुकानात शिरला. त्यानं पाव मागितला आणि फळीवर बिल्ला ठेवला.

"कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं सुटे म्हणून दिला. तुमचाच ना?"

पाववालीण घाईघाईनं म्हणाली, "नाही हो साहेब, आमचा कुठला!"

आतून नवरा हात पुसत आला. तिनं मागून त्याचा सदरा ओढला.

"माझाच आहे," तो म्हणाला आणि त्यानं ताजा पाव कागदात गुंडाळून दिला. शिपाई पाव घेऊन निघून गेला.

"कशाला बोललात हो?" तिला रडू फुटलं.

"नाही म्हटलं असतं, तर भाजीवालीला धरलं असतं. तिनं कुणाकडे बोट दाखवायचं?"

संध्याकाळी चौकीतले तिघंजण आले. त्यानं हातांचं पीठ धुतलं, पायांत चपला सरकवल्या.

"पीठ भिजवून ठेवलंय," दारातून तो म्हणाला. "सकाळी भट्टी तू लाव."

तिनं कधी भट्टी लावली नव्हती. सकाळचे पाव वेडेवाकडे झाले, काही करपले. रांगेतल्या एकानंही नावं ठेवली नाहीत. भाजीवाली आली, तिनं हुडकून सगळ्यांत करपलेला पाव उचलला आणि पदराखाली धरून खाली मानेनं निघून गेली.